सातवं पान

केंद्र, खोली १७
४ मार्च २०१९

प्रिय आत्या,

फोनवर काही बोलायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहितेय. आपल्याच भाषेत लिहितेय. कुणी उघडलंच तर निदान दुभाष्या शोधायची दगदग तरी होईल त्यांना.

आज पाच आठवडे झाले. परदेशी लोकांचे कागद बघणाऱ्या खात्यात दर पंधरा दिवसांनी सहीला जाते तशी गेले होते. "जरा आत या," म्हणाले, आणि मागच्या दाराने गाडीत बसवून या केंद्रात आणून कोंडलं. किती दिवस ठेवणार विचारलं, तर इथली बाई म्हणते, "तसा काही आकडा नसतो." चोरी केली असती तर आकडा मिळाला असता. शेजारच्या खोलीत थुय नावाची व्हिएतनामची बाई आहे, लोकांची नखं रंगवायची. तिला सात महिने झालेत. ती दिवस मोजत नाही, जेवणं मोजते.

आता मुद्द्याचं. परवा आम्हा वीस-बावीस जणींना जेवणाच्या खोलीत बसवलं. खात्याचा एक माणूस आणि जॅनिस प्राउडफूट म्हणून एक बाई. म्हणे नवी योजना आहे. बायकांना कोंडून ठेवण्यापेक्षा बाहेर साध्या घरात ठेवायचं, सोबत एक मदतनीस द्यायची, वकील द्यायचा, आणि कागदांचा निकाल लागेपर्यंत राहू द्यायचं. घर हल शहरात आहे. कुलूप नाही, पहारा नाही. फक्त मदतनिसाला भेटत राहायचं आणि खरं बोलायचं.

बाई म्हणाली, "मी खात्याची नाही, संस्थेची आहे."

थुय माझ्या कानात म्हणाली, "पगार कोण देतं विचार."

मी विचारलं. बाई जराही न अडखळता म्हणाली, "खातं." सगळ्या हसल्या. बाईसुद्धा हसली, त्यामुळे माझा संशय आणखी वाढला.

या देशात कुणी नातेवाईक आहे का, असं तिने मला विचारलं. मी नाही म्हटलं. बरोबर केलं ना? काय करू ते लवकर कळवा. शुक्रवारपर्यंत सही हवी आहे त्यांना.

तुमची,
मायदेई

लेस्टर
८ मार्च

पोरी मायदेई,

तुझं पत्र मिळालं. पाकिटाची कड चुरगळलेली होती. उघडून परत चिकटवलंय की पिशवीत दबलं, सांगता येत नाही. यापुढे कडेवर आडवी सही करत जा.

सही करू नकोस. ज्यांनी तुला आत घातलं त्यांनाच एकदम तुझी दया का यावी, एवढं मला सांग. सतरा वर्षं मी या देशात काढली. मारून कुणी काही काढून घेत नाही इथे. चहा देतात, "साखर किती?" विचारतात, आणि कप खाली ठेवायच्या आत तुझं सगळं त्यांच्या वहीत गेलेलं असतं.

नातेवाईक नाही म्हणालीस ते अगदी उत्तम. माझं नाव कुठेही येता कामा नये. मी तुझ्या भल्यासाठीच सांगते.

भेटायला यायचं मनात फार आहे, पण गुडघे साथ देत नाहीत, आणि वृद्धाश्रमात दोन मुली रजेवर आहेत, त्यांचं काम माझ्यावर आलंय. चर्चमध्ये बायका विचारतात, मायदेई कुठे गेली? मी सांगितलं, मैत्रिणीकडे स्कॉटलंडला. तेवढं लक्षात ठेव.

तुझी आत्या,
एस्नाथ

हल
२ एप्रिल

प्रिय आत्या,

तुमचं पत्र हातात पडलं तेव्हा सही होऊन गेली होती. रागावू नका. शुक्रवारी सकाळी थुयने सही केली आणि मला म्हणाली, "फसवलं तर फसवलं. निदान जेवण वेगळं असेल."

घर साधं आहे. लाल विटांचं, ओळीतलं पाचवं. आम्ही चौघीजणी. पहिल्या दिवशी जॅनिसने प्रत्येकीच्या हातात किल्ली दिली. ती गेल्यावर मी दार उघडून बघितलं, लावलं, परत उघडलं. असं नऊ-दहा वेळा केलं असेल. समोरची म्हातारी खिडकीतून बघत होती. थुयला छतावरच्या धुराच्या यंत्राचा लाल दिवा कॅमेरा वाटला, तिने त्यावर मोजा चढवला. जॅनिसने तो बघितला. म्हणाली, "मोजा काढलात तर बरं, आग लागली तर कळणार नाही." काढून घेतला नाही, नुसतं सांगितलं. हे असं वागणं मला समजत नाही. केंद्रातली माणसं ओरडायची, ते निदान कळायचं.

ती मंगळवारी आणि शुक्रवारी येते. आज म्हणाली, "मायदेई, तुम्ही नातेवाईक नाही म्हणालात. पण तुमच्या २०११च्या अर्जात लेस्टरची एक आत्या आहे."

मी म्हटलं, "वारली."

"अरेरे," ती म्हणाली, आणि वहीत काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

माझे कागद तुमच्या पलंगाखालच्या निळ्या पिशवीत आहेत. नकाराचं पत्र, बाबांबद्दलचा माझा जबाब, सगळं. वकीलबाईला हवंय. तेव्हा मी ते पत्र नीट वाचलंच नव्हतं. तुम्हीच शेवटची ओळ वाचून दाखवलीत आणि म्हणालात, मुदत संपली, आता अपील होत नाही. एवढे पाठवाल का?

मायदेई

लेस्टर
१० एप्रिल

मायदेई,

मला मारलंस ते बरं केलंस. आता मेलेलीच राहू दे.

कागद सोबत आहेत. सगळे आहेत. त्या बाईच्या हातात मूळ प्रती देऊ नकोस. माणूस गोड बोलतो तेव्हा त्याला घाई नसते, हे ध्यानात घे. घाई असलेला शत्रू परवडला.

आणि तुझ्या बाबांचं ते सगळं परत उगाळत बसू नकोस. जे झालं ते झालं. नवीन काहीतरी सांग त्यांना. तब्येतीचं सांग.

एस्नाथ

हल
१९ एप्रिल

प्रिय आत्या,

घात झाला. नकाराचं पत्र चौदा पानांचं आहे. सहाव्या पानानंतर एकदम नववं पान येतं. सातवं आणि आठवं पान नाही.

मंगळवारी पाकीट आलं तेव्हा मी दुकानात गेले होते. जॅनिसने ते घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. अर्धा तास ते तिच्यापाशी होतं. थुय म्हणते पाकीट बंदच होतं. पण थुय तेव्हा वर केस धूत होती, तिला काय कळणार?

तुम्ही म्हणत होतात ते खरं निघालं. सहाव्या पानावर शेवटची ओळ अशी आहे: "तुमच्या वडिलांच्या मृत्यूविषयी तुम्ही जे सांगितलं, त्यावर खाली दिलेल्या कारणांमुळे विश्वास ठेवता येत नाही." आणि कारणंच गायब! कुणाला नको असतील ती कारणं? ज्यांनी लिहिली त्यांनाच.

त्याच दिवशी मी तिला तोंडावर विचारलं. "माझी दोन पानं कुठे आहेत?"

"मला माहीत नाही."

"तुम्हीच घेतलीत."

ती लाल झाली. मला वाटलं आता ओरडेल, आता हिचा खरा चेहरा दिसेल. तर म्हणाली, "तुम्हाला तसं वाटणं साहजिक आहे. आपण खात्याकडून पूर्ण फाइलच मागवू. महिनाभर लागेल. थेट तुमच्या नावाने येईल, मी हातही लावणार नाही."

किती हुशार आहे बघा. महिनाभर वेळ काढला.

आता मी तिच्याशी बोलत नाही. ती येते, चहा करते, माझ्यासमोर कप ठेवते आणि दुसऱ्या खोलीत थुयचे कागद भरत बसते.

मायदेई

लेस्टर
२५ एप्रिल

मायदेई,

तिनेच घेतली असणार. मी पिशवीतून काढून मोजून पाकिटात घातली होती. चौदा होती.

फाइल मागवू नकोस. त्यांना उगाच आठवण करून देशील. ते घर सोड. बर्मिंगहॅमला आपल्यातली एक बाई आहे, तिला माणूस हवाय घरकामाला. राहायचं-खायचं होईल, कुणी विचारणार नाही. पत्ता मागे लिहिलाय. माझ्याकडे मात्र येऊ नकोस, इथे आता शेजारी बदललेत.

ऐक माझं. वडिलांची बहीण म्हणून सांगते.

एस्नाथ

हल
३० मे

एस्नाथ,

फाइल आली. तीनशे बारा पानं. मी स्वतः टपालवाल्याच्या हातातून घेतली, जिन्यावर बसून फोडली आणि आधी ते पत्र शोधलं. सातवं पान इथे उतरवते, म्हणजे तुला तुझी प्रत शोधायला नको:

"तुम्ही म्हणता की तुमचे वडील तोबायस, शाळेचे मुख्याध्यापक, यांना जून २००८ मध्ये निवडणुकीच्या काळात मारहाण झाली व त्यात ते वारले. परंतु तुम्ही ज्यांना आत्या म्हणता त्या बाईंनी २००२ साली आश्रय मागताना शपथेवर सांगितलं आहे की, त्यांचा एकुलता एक भाऊ तोबायस, मुख्याध्यापक, मार्च २००२ मध्ये त्यांच्या डोळ्यांदेखत ठार मारला गेला. एकच माणूस दोनदा मरू शकत नाही. त्यामुळे तुमचं निवेदन आम्ही बनावट मानतो."

मार्च २००२ मध्ये बाबा मला सायकल शिकवत होते, एस्नाथ. जून २००८ मध्ये मी त्यांना ढकलगाडीवर घालून मिशनच्या दवाखान्यात नेलं. वाटेत ते मला म्हणत होते, माझा चष्मा घेतलास का? ते मी त्या अधिकाऱ्याला सांगितलं, रडत सांगितलं, आणि त्याच्यासमोर तुझा कागद होता.

सात वर्षं मी स्वतःलाच विचारत राहिले, मी नीट सांगितलं नाही का? तारीख चुकली का? खोटी रडले असं वाटलं का त्यांना?

जॅनिस शुक्रवारी आली. मी तिला म्हटलं, "पानं तुम्ही घेतली नव्हती."

ती म्हणाली, "नाही."

"मग तुम्ही भांडला का नाहीत माझ्याशी?"

"भांडून तुम्हाला पटलं असतं का?"

मी नाही म्हटलं. तिने पुढे काही विचारलं नाही. आत्या वारली आहे का, तेसुद्धा नाही.

वकीलबाई म्हणते, यातून एकच वाट आहे. जिने तो जबाब दिला तिने येऊन सांगायचं की खोटा होता. आणि तसं सांगितलं तर तिचं नागरिकत्वही जाऊ शकतं, हेही तिने मला सांगितलं. लपवलं नाही.

ती दोन पानं तू जाळलीस की अजून गादीखाली आहेत?

मायदेई

हल
१३ जून

एस्नाथ,

दोन आठवडे झाले. उत्तर नाही. फोन वाजत राहतो. वृद्धाश्रमात फोन केला तर म्हणतात, मंगळवारपासून रजेवर आहे. पळालीस का? बर्मिंगहॅमच्या त्या बाईकडे? मला सुचवलेली जागा स्वतःलाच उपयोगी पडली का?

पळालीस तरी मी तुझ्यामागे कुणाला पाठवणार नाही. काल वकीलबाईला सांगितलं, तिचं नाव वापरायचं नाही. ती म्हणाली, मग केस फार लंगडी होते. मी म्हटलं, होऊ दे. हे मी तुझ्यासाठी करत नाही, गैरसमज नको. बाबांना तुझं कोर्टात उभं राहणं आवडलं नसतं, म्हणून करते. ते तुला शेवटपर्यंत लहान बहीणच समजत होते.

मायदेई

लेस्टर
१२ जून

मायदेई,

तू मला नावाने हाक मारलीस. वडिलांच्या बहिणीला. वाचून मी तासभर तुझ्यावरच रागावून बसले होते. राग गेल्यावर काहीच उरलं नाही म्हणून लिहायला बसले, आणि चार कागद फाडले.

पळाले नाही. रजा काढून घरात बसले होते. फोन तुझाच आहे हे कळत होतं.

२००२ मध्ये विमानतळावरून मला एका वसतिगृहात ठेवलं. तिकडे मी कचेरीत टंकलेखनिक होते. सत्तेतल्या पक्षाच्या पोरांनी मला दोनदा धमकावलं होतं, खिडकी फोडली होती. वसतिगृहातल्या बायका म्हणाल्या, खिडकीवर कुणी ठेवून घेत नाही. घरात मेलेलं कोण आहे? मी म्हटलं, कुणी नाही. त्या हसल्या. मुलाखतीत माझ्या तोंडून तोबायसचं नाव निघून गेलं. दुसरं कुणी नव्हतंच मला. बोलताना मी इतकी रडले की अधिकाऱ्याने मला पाणी दिलं. मला ठेवून घेतलं. त्याला पत्र लिहिताना मी दरवर्षी विचारायची, तब्येत कशी आहे? तो लिहायचा, तुला एवढी काळजी कसली गं?

मग तू २०११ला आलीस आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून मला सांगितलंस, त्याला कसं मारलं ते. मी आधी तोंडाने मारला, मग त्यांनी काठ्यांनी मारला, असंच तेव्हापासून मनात बसलंय. कुणाला सांगणार?

तुझ्या नकाराचं पत्र आलं तेव्हा तू बाहेर गेली होतीस. मी फोडलं. सातवं पान वाचलं. अपिलाला दहा दिवस होते. मी ते पत्र सतरा दिवस गादीखाली ठेवलं आणि मग तुझ्या हातात दिलं. मुदत संपलेली नव्हती, मायदेई. मी संपवली. हे तुझ्या तीनशे बारा पानांत कुठे सापडणार नाही, म्हणून मी लिहितेय.

दर वेळी वाटायचं, उद्या सांगू. मग मला नागरिकत्व मिळालं आणि गमवायला आणखी एक गोष्ट झाली. तुला आत टाकलं तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? बरं झालं, आता कागद कोण बघतंय. मग ती बाई आली, जिच्यापाशी तुझी फाइल वाचायला वेळ होता. मला तिची भीती होती, तुला फसवेल म्हणून नाही, फसवणार नाही म्हणून.

पानं जाळली नाहीत. सोबत आहेत.

काल इथल्या वकिलाकडे गेले. तीन तास लागले. शपथेवर सगळं सांगितलं, सतरा दिवसांचंही. त्याने दोनदा विचारलं, "परिणाम समजलेत ना?" मी म्हटलं, "साहेब, मी सतरा वर्षं तेच समजत बसलेय." प्रत तुझ्या वकीलबाईला गेली आहे. आता तू नको म्हणालीस तरी परत येणार नाही.

एस्नाथ

हल
८ नोव्हेंबर

आत्या,

तुमचं आणि माझं पत्र वाटेत एकमेकांना ओलांडून गेलं. तेव्हा उत्तर लिहिलं नाही, कारण काय लिहायचं ते ठरत नव्हतं. सतरा दिवसांचं वाचलं त्या दिवशी मी चालत नदीच्या मोठ्या पुलापर्यंत गेले आणि परत आले. जॅनिसने फक्त विचारलं, जेवलात का?

निकाल लागला. मंजूर. पाच वर्षं राहायची परवानगी, काम करायचीसुद्धा. तुमचा जबाब, आणि आईने तिकडून मिशनच्या चर्चमधून पाठवलेली दफनाच्या नोंदीची प्रत, दोन्ही मानलं. पत्रात लिहिलंय, "तुमचे वडील २००८ मध्ये वारले, हे आम्ही स्वीकारतो." एवढ्या एका ओळीसाठी! मी ती मोठ्याने वाचली. थुय म्हणाली, "अभिनंदन की दुखवटा, काय म्हणू?" तिचा निकाल अजून यायचाय. तिच्या खोलीत नवी बाई येणार नाही म्हणे, योजना एवढ्याच बायकांपुरती. केंद्रातली आमच्या खोल्यांची रांग मात्र भरलेली आहे. जॅनिसला विचारलं, हे चांगलं चालतंय तर बंद का करतात, परत कधी सुरू करणार? ती म्हणाली, "मलाही कुणी आकडा सांगत नाही." त्या दिवशी मी तिच्या चहात स्वतः साखर घातली.

तुम्हाला खात्याचं पत्र आल्याचं तुमच्या वकिलाने आमच्या वकीलबाईला कळवलंय. नागरिकत्व का काढून घेऊ नये, एकवीस दिवसांत लिहा म्हणून. तुम्ही मला सांगितलं नाहीत. अजून सवय गेली नाही तुमची.

ते उत्तर एकट्याने लिहायचं नाही. कुणी गोड बोललं तरी नाही, आणि कुणी ओरडलं तरी नाही. मी मंगळवारी येतेय. बस साडेअकराला लेस्टरला पोचते. खिडकी फोडली होती ना? कुणाकुणाला माहीत होतं ते आठवून ठेवा. कचेरीतलं कुणी हयात असेल तर नाव काढा. खरं होतं तेवढंच मांडू, पण ते नीट मांडू.

मी तुम्हाला माफ केलं असं लिहिणार नाही. विश्वास ठेवते असंही नाही. म्हणून यायच्या आधी एक विचारते, आणि याचं उत्तर मला कागदावर हवंय, वकिलाच्या खोलीत ऐकायचं नाही. त्या २००२च्या जबाबात माझ्या आईबद्दल काय लिहिलंयत?

मायदेई

लेस्टर
९ नोव्हेंबर

मायदेई,

हे पत्र मंगळवारच्या आत पोचावं म्हणून जास्तीचं तिकीट लावलंय.

तुझ्या आईबद्दल एक अक्षर नाही. देवाशपथ. तिला मेलेली लिहायची माझी हिंमत झाली नसती. तिला तिथे बसल्या जागी कळलं असतं आणि ती मला जाब विचारायला चालत आली असती. तूही तिच्यावरच गेलीस, हे मला सात वर्षं तुझ्यासोबत राहून कळलं नाही.

कचेरीतली एक फिलोमीना आठवली. काचा तिनेच गोळा केल्या होत्या. हयात असेल तर हरारेत असेल.

मी अकरापासून थांब्यावर उभी राहीन. तीच बस पुढे बर्मिंगहॅमला जाते. खिडकीतून आधी मला नीट बघ. उतरावंसं नाही वाटलं तर बसून राहा, मी काही म्हणणार नाही. फक्त घरी दोघींपुरता मक्याच्या पिठाचा साझा आणि पाला शिजवून ठेवतेय, ते आधीच सांगून ठेवते.

आत्या